आपल्या कोडमध्ये बाहेरचं नक्की काय काय आहे? जावास्क्रिप्ट पॅकेजांची झडती

पॉडकास्टमध्ये डिपेंडन्सीवर बोलताना एक प्रश्न दरवेळी वेळेअभावी मागे राहतो, तो इथे निवांत घेऊ. प्रश्न साधा आहे: एखादा जावास्क्रिप्टचा प्रकल्प हातात आला, तर तो बाहेरची कुठली पॅकेजेस खरोखर वापरतो हे कसं शोधायचं? पॉडकास्ट ऐकत नसाल तरी काही अडणार नाही.

सुरुवात मात्र कोडपासून नाही, दुधा-दह्यापासून करू.

५ जून २०१७ हा दिवस दोह्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात विचारा, लोकांना अजून आठवतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी त्या दिवशी कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीवरून जोडणारी सीमा एकच, अबू समराची, आणि ती सौदीला लागून. ती बंद झाली. कतारमध्ये येणाऱ्या अन्नापैकी जवळपास ४० टक्के माल त्या एका रस्त्याने येतो, असा अंदाज तेव्हा सगळीकडे छापून येत होता. सुपरमार्केटात ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. दुधाचे कप्पे आधी रिकामे झाले, कारण दूध बहुतांशी सौदीचं. काही दिवसांत तुर्कस्तान आणि इराणहून विमानाने माल येऊ लागला, आणि जुलैमध्ये तर गायीच विमानाने आणल्या गेल्या.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. सौदीचं दूध सौदीचं आहे हे डब्यावर लिहिलेलं होतं, त्यामुळे ते थांबणार हे कुणालाही कळलं. तांदळाच्या पोत्यावर मात्र ‘भारत’ असं लिहिलेलं. म्हणजे आपण भारतावर अवलंबून, आणि भारताशी तर काही भांडण नाही. पण समुद्रमार्गे येणारा बराचसा माल आधी दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरायचा आणि तिथून दुसऱ्या जहाजाने कतारला यायचा. पोत्यावर जेबेल अलीचं नाव कुठेच नव्हतं. ते कळलं तो रस्ता बंद झाल्यावर. मग ओमानच्या सोहार आणि सलालाहमार्गे वाहतूक वळवली गेली, आणि त्याच वर्षी दोह्याजवळच्या हमद बंदरातून गुजरातच्या मुंद्र्याला आणि आपल्या उरणजवळच्या न्हावाशेव्याला थेट जहाजं सुरू झाली.

तुमच्या कोडमध्येही असं एखादं जेबेल अली आहे. बहुतेक एकापेक्षा जास्त.

मंगळवार सकाळचा मेल

समजा, तुम्ही दोह्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत लागलात. टीम पाच-सहा जणांची: एकजण केरळचा, एक फिलिपिन्सचा, एक जॉर्डनचा, आणि तुम्ही पुण्याचे. तुमच्या हातात एक प्रकल्प येतो. ज्याने लिहिला तो करार संपवून कॅनडाला गेला, त्याच्या आधीचा चेन्नईला परतला. आखातात हे नेहमीचंच आहे. माणसं व्हिसावर येतात आणि जातात, कोडला मात्र कायमचं नागरिकत्व मिळतं.

आता ९ सप्टेंबर २०२५ची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आदल्या दिवशी, सोमवारी, दोह्याच्या वेळेप्रमाणे दुपारी चारनंतर, ‘चॉक’ आणि ‘डीबग’ धरून १८ लोकप्रिय पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या एनपीएमवर आल्या. त्यांत चोरीचा कोड होता. ही पॅकेजेस सांभाळणाऱ्या माणसाला एनपीएमच्या नावाने खोटा मेल पाठवून त्याचं खातं बळकावलं होतं. घुसवलेला कोड ब्राउझरमध्ये चालला, तर क्रिप्टो चलनाच्या व्यवहारातला समोरच्याचा पत्ता गुपचूप बदलायचा. साधारण दोन तासांत हे उघडकीला आलं आणि त्या आवृत्त्या काढल्या गेल्या. पण ही पॅकेजेस मिळून दर आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होतात. त्यामुळे मंगळवारी सकाळी जगभरच्या ऑफिसांत एकच मेल फिरत होता. तुमचा मॅनेजरही तेच विचारतो: आपण हे वापरतो का? हो की नाही?

तुम्ही ‘पॅकेज डॉट जेसन’ उघडता. चॉक नाही. डीबग नाही. ‘नाही, सर’ असं लिहून मोकळे होता. आणि हे उत्तर बहुतेक चुकीचं असतं.

यादी, कोठार आणि ताट

‘वापरतो’ या शब्दाचे इथे निदान तीन-चार अर्थ आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच आहे.

पॅकेज डॉट जेसन ही वाण्याला दिलेली यादी. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी हवं म्हणून लिहिलं. त्यातलं काय शिजलं हे यादी सांगत नाही. ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर म्हणजे कोठार: यादीतलं सगळं, शिवाय त्या वस्तूंना लागणाऱ्या वस्तू, आणि त्यांना लागणाऱ्या पुन्हा वेगळ्या. कोठारात नेमकी कुठली वस्तू, कुठल्या आवृत्तीची, याची नोंद लॉकफाइलमध्ये असते. मग स्वयंपाक, म्हणजे तुमचा कोड, जो यातलं काही उचलतो आणि काही उचलत नाही. आणि शेवटी ताट: बंडलरने सगळं एकत्र करून ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जे पाठवलं ते.

मॅनेजरच्या प्रश्नाला यादी पाहून उत्तर देणं म्हणजे पोत्यावरचं ‘भारत’ वाचून निश्चिंत होणं. चॉक हे टर्मिनलमध्ये रंगीत अक्षरं दाखवणारं पॅकेज. तुम्ही ते मागवलं नसेल, पण तुमच्या टेस्ट चालवणाऱ्या किंवा कोड तपासणाऱ्या साधनाने मागवलेलं असू शकतं. त्या प्रश्नाचं उत्तर लॉकफाइलमध्ये आहे. एनपीएमला ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा पॅकेजचं नाव देऊन करा, ते कुणाच्या मागून घरात शिरलं याची सगळी साखळी समोर येते. ‘एलएस’ ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह दिली तर आख्खं झाड दाखवते, आणि यादीत नसूनही कोठारात पडलेल्या वस्तूवर तसा शिक्काही मारते. पॅकेज कुठल्या आवृत्तीचं आहे तेही बघा, कारण त्या सोमवारी फक्त ठरावीक नव्या आवृत्त्या बाधित होत्या. जुनी आवृत्ती लॉकफाइलमध्ये पक्की बांधलेली असेल तर चॉक असूनही तुम्ही सुरक्षित.

हे झाड किती पसरतं याचा अंदाज नसेल तर २०१९चा एक शोधनिबंध सांगतो. झिमरमन, स्टायकू, टेनी आणि प्राडेल यांनी एनपीएमचं सगळं जाळं तपासलं. त्यांच्या हिशेबाने सरासरी एक पॅकेज बसवलं, की आपण न कळत आणखी ७९ पॅकेजांवर आणि ती सांभाळणाऱ्या ३९ माणसांवर विश्वास टाकलेला असतो. तो अभ्यास होऊन काही वर्षं झाली, आकडे आज वेगळे असतील. पण एका वस्तूसाठी ३९ अनोळखी माणसांना घराची किल्ली देतोय ही गोष्ट काही बदललेली नाही.

आता स्वयंपाकघरात

कोठारातलं झाड लहान करायचं तर आधी यादी लहान करावी लागते. आणि यादी लहान करायची तर आपला स्वतःचा कोड खरंच काय उचलतो हे शोधावं लागतं. हा आजचा मुख्य प्रश्न.

पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते: ‘इम्पोर्ट’ आणि ‘रिक्वायर’ हे शब्द सगळ्या फाइलींमध्ये ग्रेपने शोधायचे. करा, पाच मिनिटांत ढोबळ चित्र मिळतं. फक्त त्यावर विसंबू नका. ग्रेपला भाषा कळत नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात. कुणी तीन वर्षांपूर्वी कॉमेंट करून ठेवलेली ओळ त्याला जिवंत वाटते. इम्पोर्ट चार ओळींवर पसरलेलं असेल तर पॅकेजचं नाव शेवटच्या ओळीवर असतं, ते हातातून निसटतं. आणि ‘एक्सपोर्ट अमुक फ्रॉम तमुक’ ही रचना तर बरेच जण विसरतात. तिच्यात इम्पोर्ट हा शब्दच नाही, पण बाहेरचं पॅकेज तितकंच आत येतं.

म्हणून योग्य रस्ता पार्सरचा. पार्सर कोडचं व्याकरण सोडवतो. शाळेत वाक्यपृथक्करण केलेलं आठवतं का, कर्ता, कर्म, क्रियापद? तसंच. एकॉर्न, बेबल किंवा टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा पार्सर घेतला, की प्रत्येक फाइलचं एक सिंटॅक्स ट्री मिळतं. त्यात फक्त चार प्रकारच्या फांद्या बघायच्या: इम्पोर्टचं विधान, ‘फ्रॉम’ असलेलं एक्सपोर्टचं विधान, कंसातला डायनॅमिक इम्पोर्ट, आणि रिक्वायर नावाच्या फंक्शनला केलेला कॉल. कॉमेंट आपोआप गळून पडतात. हे लिहायला सुटीची एक संध्याकाळ पुरते, आणि मी तर म्हणेन की तयार साधन वापरण्याआधी एकदा स्वतः लिहून बघाच. आपल्या कोडची ओळख त्याने जितकी होते तितकी दुसऱ्या कशाने होत नाही.

मग हातात नावांचा ढीग येतो आणि तो निवडावा लागतो, तांदूळ निवडतात तसा. टिंबाने किंवा तिरक्या रेघेने सुरू होणारं नाव म्हणजे आपलीच फाइल, बाजूला काढा. ‘लोडॅश/डिबाउन्स’ दिसलं तर पॅकेज आहे लोडॅश, म्हणजे तिरक्या रेघेच्या आधीचा पहिला तुकडा घ्यायचा. पण नाव अ‍ॅट चिन्हाने सुरू होत असेल, जसं बेबलच्या पॅकेजांचं असतं, तर पहिले दोन तुकडे मिळून एक नाव होतं. त्यातही एक खोडी आहे. बऱ्याच प्रकल्पांत नुसत्या अ‍ॅट चिन्हापुढे लगेच तिरकी रेघ देऊन आपल्याच ‘सोर्स’ फोल्डरला टोपणनाव दिलेलं असतं. ते बाहेरचं नाही. टाइपस्क्रिप्टच्या किंवा बंडलरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ही टोपणनावं लिहिलेली असतात, ती आधी वाचून घ्या.

‘एफएस’, ‘पाथ’, ‘क्रिप्टो’ ही नोडची घरचीच मॉड्यूल्स. अशांची यादी नोड स्वतःच देतो, त्यामुळे ती वगळणं सोपं. पण ‘बफर’, ‘इव्हेंट्स’, ‘यूआरएल’ यांबाबत जरा थांबा. या नावांची मॉड्यूल्स नोडमध्ये आहेत, आणि याच नावांची पॅकेजेस एनपीएमवरही आहेत. तोच इम्पोर्ट सर्व्हरवर चालला तर घरचा, ब्राउझरसाठी बंडल झाला तर बाहेरचा. वेबपॅक पूर्वी अशा नावांच्या जागी ब्राउझरमध्ये चालणारे पर्याय गुपचूप आणून ठेवायचं. २०२०च्या पाचव्या आवृत्तीपासून ते बंद झालं, आणि तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण ते वापरत होतो. पुन्हा जेबेल अली.

नाव कोडमध्ये नाही, तरी वापर आहे

आता यादी आणि स्वयंपाक यांची तुलना करा. यादीत आहे पण कोडमध्ये कुठेच इम्पोर्ट नाही, अशी नावं निघतील. ती सगळी एका दमात उडवायचा मोह होतो. उडवू नका.

टाइपस्क्रिप्ट, ईएसलिंट, प्रेटिअर यांना कोडमधून कुणीच हाक मारत नाही. त्यांना पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘स्क्रिप्ट्स’ या भागातून आज्ञेसारखं बोलावलं जातं. गंमत म्हणजे आज्ञेचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असंही नाही. टाइपस्क्रिप्टची आज्ञा ‘टीएससी’ आहे. म्हणून प्रत्येक पॅकेजच्या स्वतःच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘बिन’ या खान्यात कुठली आज्ञा लिहिली आहे ते बघावं लागतं. बेबलचे प्रीसेट आणि ईएसलिंटच्या जुन्या पद्धतीच्या कॉन्फिगमधले प्लगिन नुसत्या नावाने येतात, आणि तेही कधी अर्ध्याच नावाने, पुढचा भाग साधन स्वतः जोडून घेतं. ‘टाइप्स’ या गटातली पॅकेजेस फक्त टाइपस्क्रिप्टला प्रकार सांगतात, त्यांना इम्पोर्ट लागतच नाही. आणि रिअ‍ॅक्टमध्ये सतराव्या आवृत्तीच्या सुमारास जेएसएक्सची नवी पद्धत आली. तिच्यामुळे फाइलच्या वर रिअ‍ॅक्टचं नाव लिहायची गरजच उरली नाही, कंपायलर ते मागाहून घालतो. म्हणजे पूर्ण रिअ‍ॅक्टमध्ये लिहिलेल्या फाइलीतही तुमच्या पार्सरला रिअ‍ॅक्ट दिसणार नाही.

हे सगळं हाताने सांभाळणं कंटाळवाणं आहे, म्हणून तयार साधनं आहेत. बरीच वर्षं लोक ‘डेपचेक’ वापरत होते. त्याची देखभाल आता थांबली आहे, आणि नव्या प्रकल्पात ‘निप’ वापरणं बरं. वेबपॅक, वीट, जेस्ट, ईएसलिंट अशांच्या कॉन्फिग फाइली कशा वाचायच्या हे निपला माहीत असतं, त्यामुळे वर सांगितलेले बरेचसे खोटे इशारे टळतात. बरेचसे, सगळे नाही. निपने ‘हे वापरात नाही’ असं म्हटलं तर तो आरोप समजा, निकाल समजू नका.

उलट बाजूही बघा: कोडमध्ये आहे पण यादीत नाही. हे जास्त धोक्याचं, कारण सगळं व्यवस्थित चालत असतं. २०१५ मध्ये आलेल्या एनपीएमच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कोठार शक्यतो सपाट ठेवलं जातं, म्हणजे पाहुण्याचं सामानही आपल्याच फडताळात दिसतं. तुम्ही लोडॅश मागवलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या पॅकेजने मागवलं. तुमच्या आधीच्या माणसाने इम्पोर्ट लोडॅश लिहिलं, चाललं, तो कॅनडाला गेला. उद्या त्या दुसऱ्या पॅकेजने लोडॅश सोडलं की तुमचा कोड कोसळणार, आणि तुम्ही तर काहीच बदललेलं नसणार. याला फँटम डिपेंडन्सी म्हणतात. पीएनपीएम कोठाराची मांडणी अशी करतं की यादीत नसलेलं पॅकेज मुळात सापडतच नाही. जुन्या प्रकल्पात एकदा पीएनपीएमने सगळं बसवून चालवून बघा, लपलेली भुतं पहिल्याच फटक्यात किंचाळतात.

जिथे वाचून कळत नाही

आतापर्यंत आपण कोड वाचत होतो, चालवत नव्हतो. वाचण्याला एक मर्यादा आहे आणि ती साधनाच्या आळसामुळे आलेली नाही. रिक्वायरच्या कंसात थेट नावाऐवजी ‘पेमेंट’ या शब्दाला एखादं व्हेरिएबल जोडलेलं असेल, तर नाव चालताना तयार होतं. टेस्टमध्ये एक गेटवे, खऱ्या सर्व्हरवर दुसरा, आणि तो कुठला हे एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. असा कुठलाही कोड नुसता वाचून, तो काय लोड करेल हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. हे संगणकशास्त्राने सिद्ध केलेलं आहे, ट्युरिंगच्या हॉल्टिंग प्रॉब्लेमचंच ते भावंड. तेव्हा चांगलं साधन निदान एवढं तरी करतं: इथे मला कळलं नाही, तुम्ही बघा, असं सांगून ओळ दाखवतं. तुम्ही स्वतः पार्सर लिहिलात तर हे नक्की करा. न कळलेलं गुपचूप गाळणारं साधन ग्रेपपेक्षा वाईट.

दुसरा मार्ग चालवून बघण्याचा. प्रोग्राम चालताना डिस्कवरच्या कुठल्या फाइली उघडल्या जातात याची नोंद ठेवायची. ज्या पॅकेजमधली एकही फाइल उघडली गेली नाही, त्याच्यावर संशय. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातून निघालेल्या एका अभ्यासाने २०२४ मध्ये नेमकं हे केलं. नोडसाठी लिहिलेली, टेस्टने उत्तम झाकलेली ९२ पॅकेजेस त्यांनी घेतली. त्यांच्या झाडांत सगळ्या मिळून ५० हजारांवर डिपेंडन्सी होत्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या काढून टाकल्या, तरी प्रत्येक पॅकेज पूर्वीसारखं बिल्ड झालं. निम्म्या! वाचणारी साधनं शक्यतो तुमच्या यादीपुरतं बघतात. इथे त्यांनी पाहुण्यांच्या पाहुण्यांपर्यंत हिशेब नेला.

पण ‘टेस्टने उत्तम झाकलेली’ हे शब्द पुन्हा वाचा. आपल्या प्रकल्पात टेस्ट तेवढ्या नसतात. दोह्यातल्या कंपनीची बिलं अरबी आणि इंग्रजी दोन्हींत छापावी लागतात. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे, एकमेकांना जोडून पीडीएफमध्ये उतरवणारं एखादं पॅकेज असतं, आणि ते फक्त कुणी अरबी बिलाचं बटण दाबल्यावर जागं होतं. त्या बटणाची टेस्ट नसेल तर चालवून घेतलेली नोंद म्हणेल: हे कुणी वापरत नाही. तुम्ही काढून टाकाल. आणि महिन्याच्या शेवटी हिशेबखात्यातून फोन येईल.

म्हणून दोन्ही करायचं. वाचून जे ‘वापरात’ निघालं ते ठेवा. वाचून आणि चालवून, दोन्हींत जे ‘नाही’ निघालं तेवढंच काढायला घ्या. एका वेळी एकच. कोठार पूर्ण पुसून पुन्हा बसवा, बिल्ड करा, टेस्ट चालवा, आणि अ‍ॅप हाताने उघडून दोन-चार आडबाजूची बटणं दाबा. संशय असेल तर गिटला विचारा, हे नाव यादीत पहिल्यांदा कुठल्या बदलात आलं. ज्याने घातलं तो आता नसला तरी त्याने त्या दिवशी लिहिलेला मेसेज असतो. ‘फिक्स’ एवढाच शब्द असेल तर मात्र नशीब तुमचं.

पडून आहे तर पडू दे ना?

हा प्रश्न टीममधलं कुणीतरी विचारतंच, आणि चुकीचा नाही. न वापरलेलं पॅकेज बंडलमध्ये जात नाही, मग त्रास काय?

त्रास असा की पॅकेज बसवतानाच त्याची स्वतःची स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर चालू शकते. त्यासाठी तुमच्या कोडने त्याला एकदाही हाक मारायची गरज नाही. चॉकच्या प्रकारानंतर आठवड्याभरातच एनपीएमवर एक किडा पसरला. तो बसवतानाच चालायचा, मशीनवरच्या गुप्त किल्ल्या चोरायचा आणि त्या किल्ल्या वापरून त्याच माणसाच्या दुसऱ्या पॅकेजांत स्वतःला घुसवायचा. कोठारात नुसतं पडलेलं पॅकेजही इथे पुरतं. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’चं तर सरळ हस्तांतर झालं होतं. थकलेल्या जुन्या माणसाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला किल्ली दिली, आणि त्याने एक नवं पॅकेज आत जोडलं. त्या पॅकेजमधला कोड एका विशिष्ट बिटकॉइन वॉलेटच्या शोधात होता. नोव्हेंबरमध्ये ते उघड झालं, तोवर ते असंख्य कोठारांत जाऊन बसलेलं होतं.

आणि नुसती गैरसोय म्हणाल तर मार्च २०१६ची ‘लेफ्ट-पॅड’ची गोष्ट आहेच. अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरणाऱ्या ११ ओळी. लेखकाचं एनपीएमशी एका नावावरून वाजलं, त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, आणि बेबल वापरणाऱ्या अर्ध्या जगाचे बिल्ड काही तास अडकले. त्यांतल्या किती जणांनी लेफ्ट-पॅड हे नाव आधी ऐकलं होतं? पोत्यावर नव्हतंच ना ते.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे लॉकफाइल, पार्सर, निप कुणीच पोचत नाही. ती म्हणजे एचटीएमएलमधला स्क्रिप्ट टॅग. कुणी कधीतरी बाहेरच्या सर्व्हरवरून थेट ओढलेली फाइल. ‘पॉलिफिल डॉट आयओ’ हा डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. जूनमध्ये दिसून आलं की तो भलताच कोड वाटतो आहे, आणि एक लाखाहून जास्त साइट्स तो ओढत होत्या. त्यांच्यापैकी कुणाच्याही पॅकेज डॉट जेसनमध्ये त्या ओळीची नोंद असण्याचं कारण नव्हतं. हे शोधायचं तर ताटच बघावं लागतं. साइट ब्राउझरमध्ये उघडा, डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क या भागात जा आणि कुठल्या कुठल्या डोमेनवरून स्क्रिप्ट येतात ते वाचा. बंडलच्या आत काय गेलं हे बघायला बंडलरचा स्वतःचा अहवाल मागा, वेबपॅक आणि ईएसबिल्ड दोघेही तो देतात. वरच्या सगळ्या खटाटोपात हे दहा मिनिटांचं काम सगळ्यात स्वस्त आहे, आणि मी पाहिलंय त्याप्रमाणे सगळ्यात कमी केलं जातं.

तर मंगळवारच्या मेलला उत्तर लिहायचं असेल तर ते काहीसं असं होईल: चॉक आपण स्वतः मागवलेलं नाही. टेस्टच्या साधनामागून ते कोठारात आहे, आवृत्ती जुनी, बाधित नाही. सोमवारी दुपारी चार ते सहा या वेळात आपल्या बिल्ड सर्व्हरवर नवं इन्स्टॉल झालेलं नाही, लॉग तपासला. बंडलमध्ये ते जात नाही, अहवाल सोबत जोडलाय. चार ओळी. पण त्या लिहायला तुमच्याकडे कोठाराची, स्वयंपाकाची आणि ताटाची अशा तिन्ही नोंदी आधीपासून हव्यात. त्या बिल्डसोबत दरवेळी आपोआप तयार होतील अशी सोय करायला अर्धा दिवस पुरे. कतारमधले आठवड्याचे शेवटचे तास, गुरुवारची दुपार, या कामासाठी उत्तम. तेव्हा तसंही कुणी नवीन काही डिप्लॉय करत नाही.